पेर

स्वयंपाकघरामागची खोली रिकामी केली.
तांदळाचं पिंप हललं, सायकल व्हरांड्यात गेली,
भिंतींना दोनदा चुना,
उत्तरेच्या खिडकीला नवी काच,
कारण दालातमध्ये वीज कधीही जाते
आणि उजेडावरच भागवावं लागतं.

संशोधन केंद्रातून आलेला मुलगा म्हणाला,
प्रयोगशाळा म्हणजे काही फार नाही, ताई.
धुतलेले हात. उकळलेल्या बाटल्या.
आणि आत असेपर्यंत तोंड बंद.
श्वासातून बुरशी येते, बोलण्यातून जास्त.

थाच हसला, म्हणाला, मग झालंच आमचं!

बाजारात माझा आवाज
कोबीच्या तीन गाड्यांपलीकडे जातो, हे खरं आहे.

दवाखान्यातून मागून आणलेल्या बाटल्या.
तळाशी दोन बोटं अगर,
त्यात साखर, केंद्राने दिलेल्या क्षारांच्या पुड्या,
घाटाखालून आलेल्या शहाळ्याचं पाणी.
गरम असताना पाण्यासारखं,
निवलं की बाटली आडवी केली तरी हलत नाही.

पहिलं रोप त्या मुलानेच दिलं.
म्हणाला, झाड सगळं आजारी असतं,
देठ, पानं, जमिनीतला बटाटासुद्धा,
पण अगदी वरच्या टोकाला, मोहरीहून बारीक,
थोडी जागा असते
जिथवर आजार अजून पोचलेला नसतो.
तेवढंच कापून घेतलंय. त्याचं हे.

मी ते बराच वेळ उजेडात धरून पाहिलं.

मग रोजचं सुरू झालं.
स्पिरिटच्या दिव्यातून चिमटा, चिमट्यातून देठ,
एक पेर, एक पान, तेवढाच तुकडा,
पेर खाली, पान वर,
बूच लावून पुढची बाटली.
चार आठवड्यांत एकाची सहा.
त्या सहांची मी मोजायचं सोडलं.

एकदा खोई काचेपाशी आला.
आत यायची त्याला बंदी.
काचेवर त्याने हाऽ करून वाफ सोडली
आणि बोटाने लिहिलं. मला ते उलटं दिसलं,
अक्षर अक्षर सुलटं करत वाचलं :
यातली आई कोण?

माझ्या तोंडावर फडकं, हातात चिमटा.
मी मान हलवली. हो का नाही, मलाच कळलं नाही.
वाफ उडून गेली.
रात्री जेवताना सांगू म्हटलं,
पण तो प्रश्न विसरला होता
आणि मासा त्याच्या वाट्याला कमी आला म्हणून रुसला होता.

दिएमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामाला बसायला नको होतं.
धाकटी बहीण. होडीतून गेली, त्याला चौदा महिने झाले होते.
मलेशियातली छावणी, चार ओळी,
जिवंत आहे, पाय बरा आहे.
पत्र बाहेर ठेवलं, कोपरापर्यंत हात धुतले,
आत जाऊन सात बाटल्या केल्या,
आठवीच्या वेळी फडक्याआड तिचं नाव तोंडून गेलं.
एकदाच. हळू.

नवव्या दिवशी तीन बाटल्यांत पांढरा कापूस.
त्याच त्या, असं मी म्हणणार नाही.
बुरशीला कारण लागत नाही, बूच सैल असलं तरी पुरतं.
बुचं न उघडता तिन्ही कुकरमध्ये ठेवल्या,
वीस मिनिटं उकळल्या, मागे नेऊन ओतल्या.
थाचने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पावसाळा सरल्यावर
केळीच्या पानांचे द्रोण वळले, वीतभर रांगांत मांडले.
मुळं फुटलेली रोपं पहिल्यांदा मातीत गेली,
पहिल्यांदा वाऱ्यात. दोन दिवस मान टाकून होती.
तिसऱ्या दिवशी सहावे काका आले टोपल्या घेऊन,
स्वतःच्या हाताने मोजत बसले,
शंभराला वर किती देतेस?
पाच, मी म्हणाले.
दहा दे, निम्मी मरतात.
माझी मरत नाहीत, मी ओरडले, इतक्या मोठ्याने
की कुंपणापलीकडचा कुत्रा उठून बसला,
मरत नाहीत माझी, काका,
आणि तरी मोजून दहा वर दिली.